स्वल्पविराम आणि सनद

व्हँकुव्हर हे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर. ते पाहिलेला माणूस कर्जत-खालापुरात शोधूनच काढावा लागेल, पण त्याचं नाव घेणारे मला दर आठवड्याला भेटतात. एमडी, एमएस करणारी मुलं, नवी मुंबईच्या किंवा मुंबईच्या कॉलेजात शिकवून रात्रीच्या कर्जत लोकलने घरी परतणारे डॉक्टर, खोपोलीत दवाखाना चालवता चालवता एखादा लेख लिहू पाहणारे एक-दोघं. "रेफरन्स तेवढे व्हँकुव्हरमध्ये करून द्या," असं म्हणून पेनड्राइव्ह हातात ठेवतात. मी मजकूर तपासून देण्याची कामं करतो. त्यात हेच काम आता सगळ्यांत जास्त असतं.

या नावाची गोष्ट साधी आहे. जानेवारी १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक व्हँकुव्हरला जमले. तोवर प्रत्येक नियतकालिकाचा थाट वेगळा होता. एकाने लेख नाकारला की दुसऱ्याकडे पाठवण्यासाठी अख्खी संदर्भसूची टाइपरायटरवर नव्याने बडवावी लागे. ही हमाली वाचावी म्हणून संपादकांनी समान नियम ठरवले आणि १९७९ मध्ये ते छापले. लेखात ज्या क्रमाने उल्लेख येईल त्या क्रमाने आकडा द्यायचा. खाली सूचीत आधी आडनाव, मग टिंबांशिवाय आद्याक्षरं, मग लेखाचं शीर्षक, नियतकालिकाचं ठरलेलं छोटं नाव, वर्ष, खंड आणि पानं. बस्स, एवढंच.

हमाली वाचवण्यासाठी केलेला हा नियम आज हमालीचंच दुसरं नाव झाला आहे. कुणाला सहा लेखकांची नावं हवीत, कुणाला तीनच पुरतात. कुणाला आकडा कंसात हवा, कुणाला अक्षराच्या डोक्यावर. एका कॉलेजच्या नमुन्यात वर्षानंतर अर्धविराम आणि त्यानंतर मोकळी जागा सक्तीची आहे. का, ते तिथे कुणालाच सांगता येत नाही. थीसिसच्या त्या पानांवर गाइडची लाल खूण दिसते ती अशा ठिकाणी. पण "हा सत्तावीस नंबरचा लेख तू उघडून वाचलास का?" हा प्रश्न समासात लिहिलेला मी अजून पाहिलेला नाही. माझी तक्रार एवढीच आहे. सूचीची शिस्त मला मनापासून आवडते, पण आपण ती चुकीच्या जागी खर्च करतो आहोत.

मुसलमान घरात वाढलेल्याला संदर्भ म्हणजे काय हे खरं तर वेगळं शिकवावं लागू नये. हदीसचे दोन भाग असतात. मतन म्हणजे मूळ मजकूर, आणि सनद म्हणजे तो कुणी कुणाकडून ऐकला त्या माणसांची साखळी. मजकूर कितीही गोड असो, साखळी तपासल्याशिवाय मुहद्दिस तो स्वीकारत नसत. प्रत्येक रावी कोण होता, कधी जन्मला, कुठे राहिला, त्याची स्मरणशक्ती कशी होती, आणि ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो भेटला होता का, हे पाहण्यासाठी माणसांच्या चरित्रांचं एक स्वतंत्र शास्त्रच उभं राहिलं. मधली एक कडी गळाली तर त्या रिवायतीला वेगळं नाव होतं, तिचा दर्जा खाली यायचा. इमाम बुखारी ८७० मध्ये वारले. म्हणजे व्हँकुव्हरच्या त्या बैठकीच्या अकराशे वर्षं आधी ही पद्धत पक्की झालेली होती.

आणि आता आपल्या व्हॉट्सॲपवर काय चालतं? कुठलंही सुभाषित टाकायचं, खाली ‘बुखारी शरीफ’ लिहायचं. ना हदीसचा क्रमांक, ना बाब, ना आवृत्ती. क्रमांक दिला तरी आवृत्तीगणिक तो बदलतो, हे किती जणांच्या गावी आहे? असो, हा विषय एका वेगळ्या लेखाचा आहे.

संदर्भातला एकेक तुकडा कशासाठी असतो ते सांगायला मला आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण पुरतं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली माणसं डोळ्यांसमोर मरताना त्यांनी पाहिली, उशाशी बसून नोंदी ठेवल्या, आणि त्या नोंदी ‘लॅन्सेट’पर्यंत नेल्या. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचवाच्या विषाने हृदयावर होणारा परिणाम कसा रोखतं, यावरचा त्यांचा लेख १९८६ चा. विंचूदंशावर लिहिणारा कुणीही तो टाळू शकत नाही, त्यामुळे तो माझ्याकडे वारंवार येतो. योग्य नोंद अशी: बावस्कर एचएस, बावस्कर पीएच. मग शीर्षक. मग लॅन्सेट, १९८६, खंड १, पानं ५१० ते ५११.

यातलं ‘पीएच’ बघा. त्या डॉ. प्रमोदिनी बावस्कर, त्यांच्या पत्नी आणि सहसंशोधक. एकदा आलेल्या सूचीत फक्त ‘बावस्कर, बावस्कर’ होतं, आद्याक्षरं कुणीतरी उडवलेली. दुसऱ्या एका सूचीत तर आडनाव चुकून दोनदा पडलं असं समजून एक बावस्कर खोडून टाकले होते. दोन अक्षरं गेली आणि त्यांच्याबरोबर एका बाईचं काम गेलं. व्हँकुव्हर पद्धतीत पहिलं नाव पूर्ण लिहीत नाहीत, त्यामुळे लेखक बाई की पुरुष ते कळत नाही, हे एका अर्थी बरंच. पण मग आद्याक्षर हाच त्या माणसाचा एकमेव पुरावा उरतो.

आता खंड. लॅन्सेट त्या काळात वर्षाला दोन खंड काढायचं आणि दर जानेवारीत पुन्हा १ पासून मोजायचं. बावस्करांचा विंचूदंशाच्या लक्षणांवरचा १९८२ चा लेखही खंड १ मधला आणि १९८६ चाही खंड १ मधलाच. १९९० पासून त्यांनी सलग मोजणी धरली, पहिला खंड ३३५. जुन्या अंकांनाही संगणकावर सलग आकडे मिळाले, त्यामुळे १९८६ चा तोच खंड आता तिथे ३२७ म्हणून दिसतो. दोन्ही आकडे खरे आहेत. एका विद्यार्थ्याने ‘खंड १’ ही चूक ठरवून माझ्याकडून दुरुस्तीचा आग्रह धरला होता. त्याला अंकाचा फोटो दाखवावा लागला. अशा वेळी वर्ष सोबत नसेल तर नुसता खंड काही कामाचा नाही.

याच दोघांचा २०११ चा लेख ‘बीएमजे’मध्ये आहे. नुसतं प्राझोसिन द्यावं की सोबत विंचवाच्या विषावरची लसही द्यावी, याची तुलना करणारा. त्याची नोंद संपते ‘३४२:सी७१३६’ अशी. पानांच्या आकड्यांची सवय असलेला माणूस तो ‘सी’ छपाईची चूक समजतो आणि काढतो. तो पान क्रमांक नाहीच, इंटरनेटवर छापलेल्या लेखाला दिलेला क्रमांक आहे. ‘सी’ गेला की शोधणाऱ्याच्या हाती धत्तुरा. शीर्षकात विंचवाचं शास्त्रीय नाव ‘मेसोब्युथस टॅम्युलस’ आहे. आता त्याच विंचवाला ‘हॉटेनटोटा’ म्हणतात. पण संदर्भात जुनंच ठेवायचं, कारण शीर्षक दुरुस्त करण्याचा हक्क आपला नाही. आपल्या मजकुरात नवं नाव खुशाल वापरा.

भातलावणीच्या दिवसांत इथल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर विंचू चावतो, साप चावतो, तेव्हा माणूस आधी कशेळ्याच्या किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयात येतो. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर मोबाइलवर औषधाचा डोस पडताळून पाहतो. डोसच्या पुढे आकडा असतो, आकड्याखाली संदर्भ. तो संदर्भ भलत्याच लेखाकडे नेत असेल, किंवा कुठेच नेत नसेल, तर स्वल्पविराम बरोबर जागी असून काय उपयोग?

नावांचा विषय निघालाच आहे तर आमच्या नावांबद्दल बोलतो. व्हँकुव्हरची पद्धत जॉन स्मिथसाठी बनलेली आहे. आडनाव एक, नाव एक. समजा एखादा डॉक्टर आहे शेख अब्दुल रहीम कादिर. आडनाव शेख, नाव अब्दुल रहीम, वडिलांचं नाव कादिर. एका लेखात तो ‘शेख एआर’ होतो, दुसऱ्यात ‘रहीम एस’, तिसऱ्यात ‘कादिर एसए’. त्यात अब्दुल हा वेगळा शब्दच नाही. ‘अब्दुल’ म्हणजे ‘चा बंदा’, पुढचं नाव जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. नुसतं ‘अब्दुल’ आडनाव म्हणून छापून आलेलं दिसलं की मला अर्धवट तोडलेल्या वाक्यासारखं वाटतं. इंग्रजीत शेखची स्पेलिंगं किमान चार. आणि ‘एमडी’ची गंमत तर वेगळीच. मोहम्मदचं छोटं रूप म्हणून ते नावाआधी लिहिलेलं असतं, पण पदवी समजून ते काढलं जातं, कधी माणसाकडून तर कधी सॉफ्टवेअरकडून. म्हणून तरुण डॉक्टरांना मी सांगतो, पहिला लेख पाठवण्याआधी आपलं इंग्रजी नाव एकदाच ठरवा, एकाच स्पेलिंगने, आणि मरेपर्यंत तेच लिहा. ‘ऑर्किड’ नावाचा सोळा आकडी लेखक क्रमांक फुकट मिळतो, तोही घ्या. आडनाव बदलणाऱ्या लग्न झालेल्या मुलींनी तर नक्की घ्यावा.

माणसांसारखी गावांचीही फसगत होते. महाराष्ट्रात कर्जत तालुके दोन आहेत, एक आपला आणि एक अहिल्यानगर जिल्ह्यातला. इकडे भात आणि पावसाळ्यात न थांबणारा पाऊस, तिकडे दुष्काळ. ‘कर्जत तालुक्यातील कुपोषण’ एवढंच लिहिलेला अहवाल संदर्भात आला तर तो कुठल्या कर्जतचा, हे जिल्हा लिहिल्याशिवाय कळणार नाही. जिल्हा लिहिला तरी रायगडचं इंग्रजीत ‘रायगढ’ झालं की गाडी थेट छत्तीसगडला. शिवाय १९८१ पर्यंत आपला जिल्हा कुलाबा होता. म्हसळ्याकडच्या आंबेतचे अंतुले मुख्यमंत्री असताना तो रायगड झाला. त्याआधीच्या आरोग्य अहवालांत ‘कुलाबा’ दिसेल, आणि तो मुंबईचा कुलाबा नव्हे. आणखी मागे गेलात तर १८८२ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये कर्जत, खालापूर आणि माथेरान ठाण्याच्या खंडांत सापडतात, कुलाब्याच्या नव्हे. जुन्या तापाच्या साथींवर लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवलं तर त्याचे दोन दिवस वाचतील.

संकेतस्थळाचा संदर्भ देताना ‘पाहिल्याची तारीख’ लिहावी लागते, ती अनेकांना फालतू वाटते. त्यांना मी खालापूरच्या इर्शाळवाडीची आठवण देतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. पहिल्या दिवशीच्या बातम्यांतला मृतांचा आकडा बराच कमी होता. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. आपत्तीतल्या आरोग्यसेवेवर लिहिताना कुणी २० तारखेची बातमी उद्धृत केली आणि तारीख लिहिली नाही, तर वाचणाऱ्याला वाडीतली किती माणसं गेली तेच चुकीचं कळेल.

हे झालं नीट लिहिण्याबद्दल. मोठं दुखणं वाचण्याबद्दल आहे. २०१५ मध्ये वैद्यकीय लेखांतल्या उद्धृतांवरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात साधारण २५ टक्के उद्धृतांत चूक आढळली, आणि जवळजवळ १२ टक्क्यांत ती गंभीर होती. म्हणजे मूळ लेख जे म्हणतच नाही ते त्याच्या तोंडी घातलेलं. अमेरिकेतलं उदाहरण तर आता कुप्रसिद्ध आहे. १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’ने एक पाच वाक्यांचं पत्र छापलं होतं. रुग्णालयात दाखल असलेल्या आणि अफूजन्य वेदनाशामकं दिलेल्या रुग्णांत व्यसन क्वचितच लागलं, असं त्यात होतं. पुढे २०१७ पर्यंत ते ६०८ वेळा उद्धृत झालं, आणि उद्धृत करणाऱ्या बहुतेकांनी ‘रुग्णालयात दाखल’ हे दोन शब्द गाळले. घरी गोळ्या खाणाऱ्यालाही व्यसन लागत नाही, असा अर्थ निघाला. त्याने केवढा अनर्थ घडला ते जगाला माहीत आहे. सूचीतली ती नोंद मात्र दर वेळी निर्दोष होती. नाव, वर्ष, खंड, पान, सगळं जागच्या जागी.

आपल्या घरापर्यंत आलेलं उदाहरण गोवराचं. १९९८ मध्ये लॅन्सेटमध्ये १२ मुलांवरचा एक लेख आला. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी असावा, अशी शंका त्याने जगभर पेरली. २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम निघाली तेव्हा मुसलमान वस्त्यांत अफवांना ऊत आला होता. वंध्यत्वाची अफवा सर्वांत जोरात होती, पण ‘लॅन्सेटमध्ये छापून आलंय’ म्हणणारा संदेश माझ्याही फोनवर आला होता. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराने मुलं दगावली, तेव्हा मला तो संदेश आठवला. लेख मागे घेतला गेला असेल तर त्याच्या संदर्भाच्या शेवटी तसं लिहायचं, कुठल्या वर्षी आणि कुठल्या पानावर मागे घेतला तेही लिहायचं, असा नियमच आहे. पबमेडवर ही सूचना लेखाच्या डोक्यावर ठळक दिसते. पण ती दिसायला लेखाचं पान उघडावं लागतं. दुसऱ्याच्या सूचीतून नोंद उचलून आपल्या सूचीत चिकटवणाऱ्याला ती दिसणार नाही. त्याची सनद तुटलेली आहे, फक्त वरून कळत नाही.

आणि आता नवी भर पडली आहे ती यंत्राने बनवलेल्या संदर्भांची. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे आलेल्या काही सूचींत असे लेख होते की लेखक खरे, नियतकालिक खरं, वर्षही पटण्यासारखं, पण असा लेख कधी लिहिलाच गेला नाही. खंडाचा आकडा टाकून पाहिलं तर त्या पानावर मूतखड्यावरचं काहीतरी. चॅटबॉटला संदर्भ मागितले की तो नकार देत नाही, घडवून देतो. हदीसशास्त्रात अशा मजकुराला मौजू म्हणतात. घडवणारे मोठे हुशार होते, मजकूर स्वतःचा रचायचे आणि वर साखळी मात्र नामांकित, विश्वासू रावींची चढवायचे. सहाव्या हिजरी शतकात इब्न अल-जौझींना अशा बनावट रिवायतींचा स्वतंत्र संग्रह करावा लागला. तेव्हाचा घडवणारा निदान जाणूनबुजून खोटं बोलत होता. इथे विद्यार्थी खोटं बोलत नाही, यंत्राला खरं-खोटं कळत नाही, आणि तरी थीसिसमध्ये खोटा साक्षीदार उभा राहतो.

माझं म्हणणं असं आहे की कॉलेजांनी स्वल्पविरामाचे गुण बंद करावेत. ते काम झोटेरो नावाचं मोफत सॉफ्टवेअर पाच मिनिटांत करतं. आता अनेक नियतकालिकंही पहिल्यांदा लेख पाठवताना कुठलीही मांडणी चालवून घेतात, मग आपणच का अडून बसावं? त्याऐवजी गाइडने तोंडी परीक्षेत सूचीतले कुठलेही पाच आकडे निवडावेत आणि विचारावं: हा लेख उघड, तू यातलं कुठलं वाक्य घेतलंस ते दाखव. सारांशच वाचला असेल तर तसं सांग. पाचातला एक जरी सापडला नाही तर सगळी सूची परत. माझा धंदा यात बसेल याची मला कल्पना आहे.

पण मग वाचायला लेख मिळाले पाहिजेत, आणि इथे दोष विद्यार्थ्यांचा नाही. एकेका लेखाला प्रकाशक हजारो रुपये मागतो. सरकारने १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू केलं. त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना खुली झाली. चांगलं पाऊल आहे. पण कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी कॉलेजात नोकरीला नाही. खोपोलीचा खासगी डॉक्टरही नाही. बिरवाडीसारख्या केंद्रात बसून आज कुणाला विंचवावर लिहायचं असेल तर त्याच्यासाठी या योजनेत दार नाही. बीएमजेचे संशोधन लेख सगळ्यांना मोफत वाचता येतात, पबमेड सेंट्रलवरही लाखो लेख खुले आहेत, आणि जो लेख बंद आहे त्याच्या लेखकाला सरळ ईमेल केला तर बहुतेक वेळा तो पाठवतो. हे तीन मार्ग मी येणाऱ्या प्रत्येकाला कागदावर लिहून देतो. योजनेच्या पुढच्या टप्प्यात ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं घ्यावीत, असं निवेदन आपल्या तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेने द्यायला हवं. मसुदा मी फुकट लिहून देईन, संदर्भांसकट.